धरणाच्या टक्केवारीपलीकडचे पाणी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

२०१६ च्या एप्रिल महिन्यात, गुढीपाडव्याच्या सुमारास, नाशिकचे रामकुंड कोरडे पडल्याची बातमी देशभर गाजली होती. त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गोदावरीला असा पूर आला की काठावरची दुकाने आणि देवळे पाण्यात गेली आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराची पातळी सांगण्याच्या नाशिककरांच्या जुन्या सवयीला पुन्हा काम मिळाले. या दोन बातम्यांमध्ये जेमतेम चार महिन्यांचे अंतर होते. पहिलीला आपण दुष्काळ म्हटले, दुसरीला अतिवृष्टी, आणि दोन्हींचा दोष पावसावर टाकून मोकळे झालो. पावसाचा वाटा त्यात आहेच. परंतु पडलेले पाणी धरून ठेवून सावकाश सोडण्याची त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांची ताकद कमी होत चालली आहे आणि तिथल्या जमिनीचा वापर आपण ज्या रीतीने बदलत आहोत तेच त्याचे मोठे कारण आहे, एवढे मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

जून संपत आला की आपल्यासह सर्वच दैनिकांत धरणसाठ्याचे कोष्टक छापून येऊ लागते. गंगापूर ५,६३० दशलक्ष घनफूट, दारणा ७,१४९, मुकणे ७,२३९, काश्यपी १,८५२, गौतमी गोदावरी १,८६८ आणि त्यापुढे त्या दिवसाची टक्केवारी. नाशिककर ही टक्केवारी शेअर बाजाराच्या आकड्यांपेक्षाही अधिक आस्थेने वाचतात आणि त्यात वावगे काही नाही. परंतु हा हिशेब कोठारातल्या पोत्यांचा आहे. शेताची अवस्था काय आहे हे त्यातून कळत नाही. धरणांच्या वरच्या अंगाला जो डोंगराळ मुलूख आहे, तिथे पडलेल्या पावसाचे किती पाणी दोन दिवसांत वाहून आले, किती मातीत मुरले आणि त्यातले किती नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत ओहोळांतून झिरपत राहिले, याचा एकही आकडा वाचकापर्यंत पोहोचत नाही.

हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी मिळते. गोदावरीच्या उगमापाशी असा कोणताही साठा नाही. चार महिन्यांत जे पडेल तेच, आणि उरलेले आठ महिने त्यातलेच जे जमिनीने धरून ठेवले असेल तेवढेच. त्यातही नाशिक जिल्ह्याचा पाऊस विलक्षण विषम आहे. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि तेथून पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे जावे तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. याचा अर्थ असा की पश्चिमेकडच्या एका अरुंद पट्ट्यावर नाशिक शहर, निफाडच्या बागा, नगर जिल्ह्यातले कालवे आणि पुढे मराठवाड्यातले जायकवाडी धरण एवढ्या सर्वांची भिस्त आहे. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. वैतरणाही त्याच परिसरात उगम पावून पश्चिमेला जाते आणि तिच्यावरच्या धरणांचे पाणी मुंबई पिते. उत्तरेला केमच्या डोंगरावरून गिरणा पूर्वेला, तर नार आणि पार या नद्या पश्चिमेला उतरतात. इतक्या लोकांचे पाणी ज्या डोंगररांगेवर ठरते, तिच्या उतारावरच्या एखाद्या गटाची जमीन बिगरशेती करताना त्या परवान्यात पाण्याचा विचार नावालाही नसतो.

या डोंगरांचा खडकही समजून घेतला पाहिजे. सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. त्यातला अभंग काळा कातळ पाणी जवळजवळ शोषतच नाही. पाणी राहते ते वरच्या माती-मुरमात, खडकाच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत. दोन लाव्हाथरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीसारखा एक घट्ट पट्टा असतो. वरून मुरत आलेले पाणी त्याच्यावर अडते, आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत जिथे तो पट्टा उघडा पडतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. आपल्या किल्ल्यांवरची टाकी, घाटातल्या वाटेवरची पाणवठ्याची ठिकाणे आणि आदिवासी पाड्यांचे झिरे (पाणी झिरपून साचणारे खड्डे) बहुतेक अशाच जागी आहेत. अशा खडकाची साठवणक्षमता मुळातच थोडी असते. म्हणूनच वरच्या दीड-दोन फूट मातीला आपल्याकडे जे मोल आहे ते मैदानी प्रदेशात नाही. साधा हिशेब करून पाहावा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. एक फूट जाडीच्या मातीत तिच्या आकारमानाच्या पाचव्या हिश्श्याइतके पाणी मावते असे धरले, तर हेक्टरी सहा लाख लिटर पाणी ती एका वेळी सामावून घेते, आणि पावसाळ्यात ती एकदा नव्हे तर अनेकदा भरते व रिकामी होते. एवढी माती जेसीबीने खरवडून खाली लोटायला एक सकाळ पुरते.

आता या उतारांवर प्रत्यक्षात काय बदलले ते पाहू. पूर्वीची शेती फार आदर्श होती असे मी म्हणणार नाही. राबासाठी, म्हणजे रोपे टाकण्याची जमीन भाजण्यासाठी, झाडांच्या फांद्या तोडल्या जात, गवतासाठी वणवे लावले जात, आणि तीव्र उताराच्या वरकस जमिनीवर नागली-वरई घेताना मातीची धूपही होत असे. परंतु त्याच शेतीतली भाताची खाचरे ही पाणी अडवण्याची अत्यंत प्रभावी व्यवस्था होती. उतारावर पायरीपायरीने घातलेले बांध पावसाळ्याचे निदान दोन-अडीच महिने पाणी तुंबवून धरत. ओहोळाला येणारे पाणी या खाचरांतून त्या खाचरांत उतरत, मुरत, गाळ मागे ठेवत खाली जाई. आज त्र्यंबक रस्त्याने किंवा वैतरणेच्या बाजूने गेले की हीच खाचरे सपाट करून त्यांवर फार्महाऊसचे प्लॉट पाडलेले दिसतात. बांध मोडले, मुरूम पसरला, रोलर फिरला, सिमेंटचे रस्ते झाले आणि दोन्ही बाजूंना गटारे काढून पाणी लवकरात लवकर ओहोळात जाईल अशी तजवीज झाली. त्या गटारांचा आराखडा करणाऱ्याला कोणी दोष देणार नाही, कारण प्लॉटवर पाणी साचू नये हेच त्याला सांगितलेले असते.

दुसरा बदल डोंगर फोडण्याचा. संतोषा आणि भागडी या टेकड्यांवरच्या उत्खननाबद्दल आणि ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी झालेल्या खोदकामाबद्दल २०२१ मध्ये बरीच ओरड झाली, आंदोलने झाली, पाहण्या झाल्या. त्या वादात कोण बरोबर होते यात मी शिरत नाही. परंतु चर्चा झाली ती मुख्यतः डोंगराच्या पावित्र्याची आणि दरडीच्या धोक्याची. डोंगराचा पायथा उभा कापला की वर सांगितलेला पाणी अडवणारा थर मध्येच तुटतो, झऱ्याची वाट बदलते किंवा तो कायमचा आटतो, ही बाजू फारशी कोणी मांडली नाही. तुटलेला झरा पुन्हा जोडता येत नाही.

तिसरा बदल थोडा खाली, दिंडोरी आणि निफाडच्या अंगाला आहे. तेथे प्लॅस्टिकचे अस्तर लावलेली शेततळी शेकड्यांनी झाली आहेत आणि त्यांतली पुष्कळशी पावसाच्या पाण्याने नव्हे, तर विहिरी-बोअरचे पाणी उपसून भरली जातात. जमिनीखाली उन्हापासून सुरक्षित असलेले पाणी वर काढून उघड्यावर ठेवायचे आणि त्यातले काही वाफ होऊन जाऊ द्यायचे, असा हा व्यवहार आहे. द्राक्षबागायतदाराच्या बाजूने तो समजण्यासारखा आहे, कारण त्याला मार्चमध्ये हाताशी पाणी हवे असते. परंतु त्याला जलसंधारण म्हणणे मला तरी पटत नाही.

मग झाडे लावा, असे उत्तर लगेच येते. ते अर्धेच खरे आहे. राज्यात २०१६ पासून चार वर्षे वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या आणि २०१९ चे उद्दिष्ट तर ३३ कोटी रोपांचे होते. झाड पाणी मुरवायला मदत करते तसे ते पाणी पितेही, आणि वेगाने वाढणाऱ्या झाडांची दाट लागवड उन्हाळ्यातला ओहोळ वाढवण्याऐवजी कमी करू शकते, हे जगभरच्या पाणलोटांतील मोजमापांतून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. लाभ होतो की तोटा, हे माती किती पाणी आत घेऊ लागली आणि झाडांनी किती बाष्प हवेत सोडले यांच्या वजाबाकीवर ठरते. ऐन, साग, हिरडा, जांभूळ, करवंद यांचे मिश्र रान, त्याखालचा पालापाचोळा आणि गांडुळांनी पोखरलेली भुसभुशीत जमीन यांचा गुण एकाच जातीच्या रोपांच्या रांगांत येत नाही. अंजनेरीसारख्या पठारांवर तर झाडांपेक्षा गवत आणि पाणथळ खळगेच अधिक मोलाचे आहेत. तिथे खड्डे खणून रोपे लावणे हे पठाराचे नुकसानच होय. म्हणून मला लागवडीच्या आकड्यापेक्षा असलेले रान वणव्यापासून आणि कुऱ्हाडीपासून वाचले का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या कामाचा फोटो निघत नाही, ही त्याची अडचण असावी.

आता हवामानाविषयी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे दाखवले आहे. मोसमाचा एकूण पाऊस मात्र तेथे वाढलेला नाही. त्यामागचे भौतिकशास्त्र सरळ आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो जोराने पडतो आणि मधले कोरडे दिवस लांबतात. २०२३ चा ऑगस्ट हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तर २०१९ च्या ऑगस्टने आपल्याला गोदावरीचा महापूर दाखवला. आता पावसातला हा बदल आणि जमिनीतला बदल एकत्र ठेवून पाहावेत. दर तासाला मातीत किती पाणी शिरू शकते याला मर्यादा असते. रिमझिम पाऊस आठ दिवस पडला तर उघड्या, तुडवलेल्या जमिनीतही थोडेफार मुरते. तेवढाच पाऊस आठ तासांत पडला तर रानाखालची माती त्यातला बराचसा वाटा घेते, आणि रोलर फिरवलेली जमीन जवळजवळ काहीच घेत नाही. म्हणजे सौम्य पावसाच्या काळात जो फरक फारसा जाणवला नसता, तो बदलत्या पावसात निर्णायक ठरतो. हवामानाचा प्रश्न जागतिक आहे, नाशिकने त्यात एकट्याने काय करावे, असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की पाऊस कसा पडावा हे आपल्या हाती नसले, तरी तो कसल्या जमिनीवर पडावा हे बऱ्याच अंशी आपल्याच ग्रामपंचायती, तहसील कचेऱ्या आणि नगररचना कार्यालये ठरवतात.

वेगाने उतरणारे पाणी एकटे येत नाही, माती घेऊन येते. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या गंगापूर धरणाची मूळ क्षमता सुमारे ७,२०० दशलक्ष घनफूट होती. आज आपण ५,६३० म्हणजे शंभर टक्के असे छापतो. मधले सुमारे १,५७० दशलक्ष घनफूट, म्हणजेच जवळपास ४,४०० कोटी लिटर, गाळाने खाल्ले. शेजारच्या आळंदी धरणाची क्षमता ८१६ दशलक्ष घनफूट आहे. तशी जवळजवळ दोन धरणे आपण एकही मोर्चा न निघता गमावली. (गोदावरीवरच्या नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यात साचलेल्या गाळाने पक्ष्यांचे भले केले आणि २०२० मध्ये ते राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले, हा गाळाच्या कहाणीतला एकमेव आनंदाचा भाग.) गाळ काढण्याच्या योजना अधूनमधून जाहीर होतात आणि काही प्रमाणात राबवल्याही जातात. तरीही डोंगरावरून माती येण्याचे थांबले नाही तर दरवर्षी नवा गाळ येणारच. किकवी नदीवर आणखी एक धरण बांधण्याचा प्रस्ताव बरीच वर्षे चर्चेत आहे. त्याची गरज असेल किंवा नसेल, परंतु त्याचे पाणलोटही याच डोंगरांत आहे, आणि वरचे उतार असेच राहिले तर त्याच्याही क्षमतेचे आकडे काही दशकांनी असेच खाली आणावे लागतील.

या सर्वाचा पहिला फटका शहराला बसत नाही. ब्रह्मगिरीच्या अंगाखांद्यावर मेटघर किल्ला या ग्रामपंचायतीचे पाडे आहेत. गोदावरीच्या उगमाला इतके जवळचे गाव दुसरे नसेल, आणि पावसाळ्यात तिथे ढगांखेरीज काही दिसत नाही. तरी उन्हाळ्यात तिथल्या बायकांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर चढावा-उतरावा लागतो आणि विहिरीच्या तळाशी उतरावे लागते, हे गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून सर्वांनी पाहिले आहे. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या पाड्यांची कहाणी वेगळी नाही. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात वैशाखात टँकर सुरू करावा लागतो, यावर आपले नियोजनकर्ते पाइपलाइन आणि टाकी असे उत्तर देतात. टाकी बांधली जाते. परंतु जो झरा टाकीचा आधार, तोच मार्चमध्ये आटत असेल तर टाकीने काय भरायचे?

दुसरीकडे पाण्याचे भांडण मात्र आपण फार तयारीने लढतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत पुरेसा साठा नसेल, म्हणजे तो ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. २०२३ च्या नोव्हेंबरातही ते सोडले गेले आणि नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी कोर्टकचेऱ्यांची भाषा झाली. मराठवाड्याच्या हक्काबद्दल माझ्या मनात शंका नाही. समन्यायी वाटपाचे तत्त्व योग्यच आहे. मला खटकते ते हे की नाशिक आणि मराठवाडा दोघेही धरणात आलेल्या पाण्याचेच वाटे मोजतात. ब्रह्मगिरी ते कुलंग या रांगेवरची जमीन कशी वापरली जाते यात पैठणच्या शेतकऱ्याचे हित नाशिकच्या शेतकऱ्याइतकेच गुंतलेले आहे, आणि तरीही या विषयावर दोघांनी मिळून एक निवेदन दिल्याचे माझ्या वाचनात नाही. पश्चिमेला वाहून जाणारे पाणी उचलून दमणगंगा-एकदरे-गोदावरीसारख्या जोडयोजनांनी पूर्वेला आणण्यावर सारी मदार ठेवली जाते. पंप चालवून डोंगरावर पाणी चढवण्याचा खर्च आपल्याला परवडतो. डोंगरावर पडलेले पाणी डोंगरातच मुरवण्याचा परवडत नाही, हे कोडे मला उलगडलेले नाही.

वरच्या गावांना केवळ निर्बंध घालून हे साधणार नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघत आहेत. सहावा मसुदा २०२४ च्या जुलैअखेर आला. दरवेळी गावे घाबरतात, आणि त्यांच्या भीतीला कारण आहे. पावसाच्या भरवशावर भात-नागली पिकवणाऱ्या कुटुंबाला खाचराच्या जागी प्लॉट विकून एका वर्षात जे मिळते ते शेतीत आयुष्यभर मिळत नाही. खालच्या शहराने आपल्या पाण्यासाठी त्याने ती जमीन तशीच फुकट राखावी अशी अपेक्षा करणे न्याय्य नाही. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार करून प्रचंड शुद्धीकरण प्रकल्पाच्या खर्चाऐवजी पाणलोट राखण्यावर पैसा लावला. ते फार दूरचे वाटत असेल तर हिमाचलातल्या पालमपूर शहराच्या पालिकेकडे पाहावे. शहराला पाणी देणाऱ्या बोहल गावच्या झऱ्याचे रान सांभाळण्यासाठी तिने २०१० मध्ये गावाशी करार केला आणि त्यापोटी ठरावीक रक्कम देण्याचे मान्य केले. नाशिक महापालिकेने पाणीपट्टीतला छोटासा हिस्सा त्र्यंबक आणि इगतपुरीच्या पाणलोटातल्या ग्रामसभांना खाचरांचे बांध राखण्यासाठी, वणवे विझवण्यासाठी आणि झऱ्यांभोवतीचे रान टिकवण्यासाठी करारानेच द्यावा. यातला बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथल्या ग्रामसभांना पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याने) आणि वनहक्क कायद्याने अधिकार आहेतच, कमतरता आहे ती पैशाची आणि विचारणा करण्याची.

मोजमापाचे म्हणाल तर त्यासाठी नाशिकइतके सोयीचे शहर राज्यात नाही. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली ‘मेरी’, येथेच आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. याच्या जोडीला धरणांच्या वरच्या काही ठरावीक ओहोळांवर डिसेंबर ते मे प्रवाह मोजावा, उगमाकडच्या झऱ्यांची गावनिहाय नोंदवही करावी, आणि डोंगरउतारावर बिगरशेती, खाणकाम किंवा रस्त्याची परवानगी देण्यापूर्वी त्या नोंदवहीत पाहिल्याचा शेरा फाइलवर असावा, एवढीच मागणी आहे. आणि आपल्या दैनिकाने जूनमध्ये धरणांची टक्केवारी छापता छापता एप्रिलमध्ये त्या ओहोळांचाही आकडा छापावा.

या मागणीला यंदा घाई आहे. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशिक-त्र्यंबक पट्ट्यात रस्ते, वाहनतळ आणि निवासव्यवस्थेची मोठी कामे चालू आहेत, आणि सिंहस्थाचे काम म्हटले की कागदपत्रे वेगाने हलतात. ज्या कामांत डोंगरउतार कापावा लागणार आहे किंवा खाचरांवर भराव पडणार आहे, त्यांची यादी जिल्हा प्रशासनाने प्रसिद्ध करावी आणि त्या जागांवरचे झरे भूजल यंत्रणेकडून काम सुरू होण्याआधी तपासून घ्यावेत. वैशाखात झरे शोधणे सर्वांत सोपे असते, कारण त्या दिवसांत जिथे ओल असते तिथेच पाणी असते, आणि ती जागा मेटघरच्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. पाहणी करणाऱ्या पथकाने तिला सोबत घ्यावे आणि तिच्या दिवसाची मजुरीही द्यावी.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
नाशिक